नेनेकाकूंचा अंगठा

आमच्या रियाधच्या गिटार मंडळात किस्से धुळीसारखे साचतात. पुसा, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच! गेला महिना मात्र कुणी हसत नव्हतं. नेनेकाकूंचा अंगठा वाकायचा तो अडकूनच बसायचा, शेवटी ऑपरेशन करावं लागलं. त्या अंगठ्यावरच तर आमचं मंडळ चालतं! आता हुश्श, म्हणून सांगते.

काकू कंट्री म्युझिक वाजवतात. फार पूर्वी अमेरिकेत एक गायिका होऊन गेली. जाड तारांवर अंगठ्याने चाल, बाकीच्या बोटांनी ताल, ही तिची पद्धत. आम्ही तिला नुसतं ‘बाई’ म्हणतो. कंपाउंडमधल्या अमेरिकन शेजारणीने ते वाजवणं काकूंना शिकवलं, काकूंनी आम्हाला.

* * *

बाईंचा जुना फोटो काकूंच्या हॉलमध्ये आहे. हळदीकुंकवाला आलेल्या एका नव्या मुलीने त्याला वाकून नमस्कारच केला!

“सासूबाई ना? नेने म्हणजे गोऱ्या असणारच!”

काका आतून ओरडले, “ती माझी आई असती तर गिटार या घरात आली असती का?”

* * *

बँकेतले देशपांडे ‘रॉक शिकवा’ म्हणत आले. काकूंनी त्यांची चार बोटं रुमालाने बांधली. “आधी फक्त अंगठा!”

तेवढ्यात बेल वाजली आणि देशपांड्यांनी तसंच जाऊन दार उघडलं. डिलिव्हरीवाला हात बघून हळहळला, “साहब, एक्सिडेंट?” आणि कलिंगड स्वतः किचनमध्ये ठेवून गेला.

आता सामान यायची वेळ झाली, की देशपांडे आपणहून रुमाल बांधून बसतात!

* * *

अजान झाली की आम्ही वाजवणं थांबवतो. एकदा गाणं अर्ध्यात राहिलं आणि आम्ही चहाला बसलो. नमाज आटोपून खालच्या मजल्यावरचे रत्नागिरीचे रशीदभाई थेट वर आले.

“काकू, तेवढं पुरं करा हो! माझा जीव अडकलाय!”

* * *

पट्टी सोडली त्या दिवशी काका आणि मी बरोबर होतो. डॉक्टर म्हणाले, “अंगठा हलवा.”

काकू हलवेचनात. “नाहीच हलला तर?” म्हणाल्या. मला रडूच फुटलं.

काकांनी जन्मभर ‘बंद कर ते ट्वँग ट्वँग’ एवढंच म्हटलेलं. त्यांनी घसा खाकरला आणि डॉक्टरांसमोर बाईंचं गाणं सुरू केलं. इंग्रजीत! सगळी कडवी पाठ! सूर एकीकडे, ताल भलतीकडे.

दुसऱ्या कडव्याला पलंगाच्या कडेवर आवाज यायला लागला. ठक, ठक, ठक.

“अहो, पळताय कुठे? माझ्या अंगठ्याबरोबर या!”