दोन्ही तीरांवरचे दात

ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या दोन्ही तीरांवरची सत्तरी ओलांडलेली निम्मी माणसं आमच्या साडूंच्या दातांनी जेवतात. हे वाक्य ऐकून नवखा माणूस दचकतो, म्हणून लगेच खुलासा करतो. आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, कवळ्या बनवतात. नदीच्या उत्तरेला ऑल्बरी, दक्षिणेला वोडोंगा, मधे एक पूल आणि थोडा पाणथळ रस्ता. नकाशात ही दोन शहरं दोन वेगळ्या राज्यांत आहेत, पण इथल्या माणसांना ते फक्त गाडीची नंबरप्लेट बदलताना आठवायचं. एका तीरावर झोपायचं, दुसऱ्यावर नोकरीला जायचं. केस एकीकडे कापायचे, डोळे दुसरीकडे तपासायचे. साडू राहायला वोडोंगात आणि त्यांचं क्लिनिक ऑल्बरीत, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर.

माणसाकडे ते माणूस म्हणून पाहतच नाहीत, जबडा म्हणून पाहतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी मेलबर्नजवळच्या क्लेटनला नुकतं शिक्षण संपवून एका गोदामात शिफ्टला जात होतो. सासरच्या मंडळींनी व्हिसाचं विचारलं, पगाराचं विचारलं, सिगारेटचं विचारलं. साडू कोपऱ्यात बसून माझं जेवण बघत होते. शेवटी म्हणाले, "डाव्या बाजूने चावत नाहीस तू." मी म्हटलं, नाही. "मग मुलगा खोटं बोलणारा नाही," असं त्यांनी जाहीर केलं आणि आमचं लग्न झालं. या निदानामागचं शास्त्र मला आजतागायत कळलेलं नाही, पण माझ्या फायद्याचं असल्यामुळे मी खोलात शिरलो नाही.

नवी कवळी नीट बसली की नाही हे पाहायला पेशंटला 'स'चे शब्द म्हणायला लावतात. जगभर त्यासाठी इंग्रजी आकडे वापरतात म्हणे. साडूंना ते पटलं नाही. त्यांच्या मते इंग्रजी 'स' पळपुटा आहे, जिभेला काम देत नाही. म्हणून ते प्रत्येक पेशंटला 'सासवडच्या सासूबाई' असं म्हणायला लावत. नदीच्या दोन्ही बाजूंचे मेंढ्या पाळणारे, ट्रक चालवलेले, शाळा शिकवून निवृत्त झालेले गोरे म्हातारे-म्हाताऱ्या आरशासमोर बसून गंभीरपणे 'सासवडच्या सासूबाई' म्हणत. बऱ्याच जणांची समजूत होती की हे हिरडीच्या कुठल्यातरी भागाचं लॅटिन नाव आहे. एकदा सुपरमार्केटात एका आजोबांनी मला थांबवून, मी साडूंचा नातेवाईक असल्याचं कळताच, ते स्वच्छ म्हणून दाखवलं आणि "No worries, mate," म्हणून निघून गेले.

दुसरी सवय म्हणजे 'पलीकडे'. ज्या तीरावर उभे असतील त्याच्या समोरच्या तीरावर सगळं चांगलं मिळतं, ही त्यांची श्रद्धा. वोडोंगातल्या घरी बसले की पाव ऑल्बरीचा हवा. ऑल्बरीत क्लिनिकमध्ये असले की म्हणणार, "कोथिंबीर पलीकडचीच घे, चार दिवस जास्त टिकते." दोन्हीकडच्या दुकानांत भाजी एकाच ट्रकमधून येते हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "येते ना. पण इथे आधी उतरवतात. घाईत."

मग ती साथ आली, आणि पहिल्याच हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलैत, दोन राज्यांमधली हद्द बंद झाली. पुलावर पोलीस आले, प्लास्टिकचे अडथळे आले, गाड्यांची रांग आली. वोडोंगाहून ऑल्बरीत शिरायला परवाना लागू लागला आणि त्या परवान्याचे नियम आठवड्याला बदलू लागले. ज्या माणसाने आयुष्यभर 'पलीकडे'चं कौतुक केलं त्याच्यासमोर खरोखरचं पलीकडे उभं राहिलं. त्यातच मास्क आले. लोकांना दातांवरून ओळखणाऱ्या माणसाला सगळं गाव एका सकाळी अनोळखी झालं. फार्मसीत ते पंधरा वर्षांच्या ओळखीच्या फार्मासिस्टला "तुम्ही नवीन का?" असं विचारून आले.

पहिल्या आठवड्यात एकदा पुलावरच्या रांगेत त्यांचे अडीच तास गेले. त्या संध्याकाळी ते क्लिनिकमधून घरी न जाता आमच्या दारात उभे राहिले. हातात एक पिशवी आणि अर्धवट झालेल्या तीन कवळ्यांचा डबा.

"तीन दिवस राहतो," ते म्हणाले. "मधे नियम बदलले तर पेशंटचे हाल होतील."

ते सात आठवडे राहिले.

साडू पाहुणा म्हणून दोन वेळच्या जेवणापुरता छान असतो. सात आठवड्यांत मी तोंडात घास घातला की समोरून निरीक्षण होई. आमच्या फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी प्लास्टरचा एक जबडा राहायला आला. रोज साडेसहाला ते मागच्या अंगणात जाऊन वोडोंगाच्या दिशेने तोंड करून ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, फोन लावत. घर जेमतेम सात किलोमीटरवर, पण आवाज असा की फोनची गरज नव्हती. "जेवलीस का? हो. मीही. काय होतं? कोथिंबीर कुठली?"

दरम्यान त्यांच्या परवान्याची मुदत संपली. नवा अर्ज त्यांनी माझ्या लॅपटॉपवर स्वतः भरला, कारण मी भरला तर मी काहीतरी सोयीस्कर लिहीन अशी त्यांना शंका होती. 'सध्या कुठे राहता?' यापुढे त्यांनी आमचा ऑल्बरीचा पत्ता लिहिला. 'या राज्यात प्रवेश कशासाठी हवा?' यापुढे लिहिलं, 'मी आतच आहे.' अर्ज परत आला. त्यांनी पुन्हा तेच लिहिलं.

"भाऊजी, वोडोंगाचा पत्ता टाका ना," मी म्हटलं.

"राहतोय इथे आणि लिहू तिथलं?"

उजव्या बाजूने चावणाऱ्याने यावर काय बोलावं?

याच दिवसांत मार्जरीबाईंचं प्रकरण झालं. या वोडोंगाच्या, ऐंशीला टेकलेल्या. हद्द बंद व्हायच्या आधीच साडूंनी त्यांच्या नव्या कवळीचं माप घेऊन ठेवलं होतं. त्यांचा नवरा लेन तेव्हा आजारी होता. एके दिवशी धुताना जुनी कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली. साडूंनी नवी घाईने पुरी केली आणि पुलावरून रोज ये-जा करणाऱ्या एका भाजीच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवली. ती बसेना. बोलताना सुटे, खाताना टोचे. बाईंनी फोनवर सांगितलं, "राहू दे, love. मी सूप पिते." साडूंनी बाईंच्या मापाचा साचा दिवसभर पुन्हापुन्हा तपासला. रात्री जेवताना म्हणाले, "माप बरोबर होतं. ती बारीक झालीये. हिरड्या आक्रसल्यात. नवऱ्याचं करता करता स्वतः जेवली नसणार."

चार दिवसांनी लेन गेला. अंत्यविधी शुक्रवारी, मोजक्या माणसांत, बाकीच्यांनी लॅपटॉपवर पाहायचा. मार्जरीबाईंची मुलगी पर्थला, तिच्या राज्याची दारंही बंद. बाई फोनवर साडूंना म्हणाल्या की मी काही बोलणार नाही, पाद्री बोलतील. हे सांगताना त्यांच्या तोंडून 'स' येत नव्हता, 'थ' येत होता, आणि ते त्यांनाही ऐकू येत होतं.

फोन ठेवून साडू पिशवी भरायला लागले. आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वोडोंगाकडे जायला कुणीच अडवत नव्हतं, अडवत होते ते परत येताना. परवान्याशिवाय ते एकदा गेले की क्लिनिक बंद, आणि अल्याड सात पेशंट तोंड उघडून वाट बघत बसलेले. मी सात आठवड्यांचा वैतागलेलो होतो. मनात होतं की ते एकदाचे घरी जावेत, आणि तोंडून उलटंच निघालं.

"भाऊजी, सात माणसं सोडून एकीसाठी जाताय. दातच आहेत ना? चार दिवस सूप पिऊन कुणी मरत नाही."

त्यांनी पिशवीची चेन लावली. मग माझ्याकडे न बघता बोलले.

"दात गेले की माणूस आधी काय सोडतो माहितीये? खाणं नाही. हसणंही नाही. उत्तर देणं सोडतो. कुणी काही विचारलं की मान हलवतो. मी तीस वर्षं बघतोय. नवऱ्याच्या प्रेतापुढे तिने मान हलवायची का?"

दातांबद्दलचं त्यांचं हे पहिलं बोलणं, ज्यात जबड्याआधी माणूस आला होता. मी गाडीची चावी घेतली.

गुरुवारी सकाळी मी त्यांना पुलाच्या अलीकडे सोडलं. पलीकडच्या टोकाला ताई गाडी घेऊन येणार होत्या. यायच्या बाजूला गाड्यांची भली मोठी रांग, जायच्या बाजूला रिकामा रस्ता, आणि त्यावरून मास्क लावून, काखेत कवळ्या घासायच्या छोट्या मशीनचा डबा धरून आमचे साडू एकटे चालत निघाले. एका तरुण पोलिसाने हाक मारली. "All right, mate? परवाना नसेल तर परत येता येणार नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," साडू डबा वर करून म्हणाले. "दात आहेत."

पोलिसाने हातानेच पुढे जा म्हटलं. त्या दिवसांत पोलीस बरंच काही ऐकत असणार.

शुक्रवारी मी आणि बायको लॅपटॉप लावून बसलो. लहानसा हॉल, लांब लांब मांडलेल्या खुर्च्या, आणि त्यात मार्जरीबाई निळा कोट घालून. साडूंनी आदल्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात तीन तास बसून कवळी घासली होती. हॉलमध्ये माणसांची मोजदाद होती, म्हणून ते आत गेले नव्हते. ऐन वेळी टोचायला लागली तर हाताशी असावं म्हणून पार्किंगमध्ये मशीन घेऊन उभे होते. पाद्रींचं झालं आणि बाई उठल्या.

त्यांनी सांगितलं की त्या काळी दोन राज्यांच्या रुळांची रुंदी वेगळी होती. मेलबर्नहून पुढे जाणाऱ्या प्रत्येकाला ऑल्बरीच्या फलाटावर उतरून दुसऱ्या राज्याच्या गाडीत बसावं लागे. लेन तिथे हमाल होता. एका राज्याच्या गाडीतून सामान काढायचं, दुसऱ्या राज्याच्या गाडीत ठेवायचं. "मी एकोणीस वर्षांची होते. सिडनीला नोकरी लागली होती. माझ्या सुटकेसची मूठ तुटली होती, म्हणून त्याने ती खांद्यावर घेतली. म्हणाला, सिडनीची गाडी समोरच उभी आहे, मिस." बाईंनी कोट सारखा केला. "ती सुटली. पुढची आली, तीही सुटली. सिडनी मी अजून पाहिलेली नाही. मला कधी वाटलंही नाही की सिडनीत काही असेल."

माझी बायको रडत होती. मी लॅपटॉपचा आवाज वाढवला, तो आधीच पूर्ण होता.

तासाभराने साडूंचा फोन आला. त्यांना पार्किंगमध्ये काहीच ऐकू आलं नव्हतं. मी सगळं सांगायला सुरुवात केली, त्यांनी मधेच तोडलं.

"'सिडनी' नीट म्हणाली का?"

"नीट म्हणाली."

"किती वेळा?"

मी आठवून म्हटलं, "चार."

पलीकडे मशीनचा डबा मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं. ठेवतो."

परवाना यायला अकरा दिवस लागले. शेवटी ताईंनीच अर्ज भरला. सातही पेशंट थांबले होते. साडू पुन्हा आमच्याकडे राहायला आले नाहीत, रोज सकाळी रांगेत उभे राहून येत आणि संध्याकाळी घरी जात.

दिवाळी होऊन गेल्यावर आठवड्याभराने हद्द उघडली. पहिल्या रविवारी निम्मं गाव उगाचच पुलावरून या टोकाहून त्या टोकाला गाड्या फिरवत होतं. दुपारी साडू मार्जरीबाईंना घेऊन आमच्याकडे आले. बाईंना ते सात आठवडे राहिलेलं घर बघायचं होतं. सोबत त्यांनी स्वतः केलेली लेमन स्लाइस, म्हणजे लिंबाची वडी, आणली होती. माझ्या बायकोने उरलासुरला फराळ काढला आणि चकलीची बशी पुढे करताना घाबरून म्हणाली, "हे जरा कडक आहे हं."

बाईंनी चकली उचलली. साडू एकदम छताकडे बघायला लागले. कट्ट असा आवाज आला, मग दुसरा. बाईंनी ती पूर्ण खाल्ली. मग दुसरी उचलली, कागदी रुमालात नीट गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली.

"लेनला खारट काहीही आवडतं," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हात पर्समध्येच राहिला. बाई तो रुमाल परत बाहेर काढू लागल्या, तेव्हा साडूंनी छतावरची नजर खाली आणली.

"राहू द्या," ते म्हणाले. "घरी जाऊन खा. आजच खा पण, नरम पडते."

बाईंनी मान हलवली नाही. "Yes. Yes, I shall," असं म्हणाल्या आणि पर्स मिटली.

निघताना साडूंनी त्यांना हात धरून गाडीत बसवलं, पट्टा लावून दिला, दार लोटलं. मग गाडीला वळसा घालून आपल्या दारापाशी जायच्या ऐवजी ते मागे डिकीपाशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. बराच वेळ. गाडी पुलाच्या दिशेने वळेपर्यंत आम्ही खिडकीत होतो.

"भाऊजींच्या चष्म्यावर काहीतरी उडालं असावं," मी म्हटलं.

"हो," बायको म्हणाली. "असेल."