संध्याकाळची एक रिंग

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुकानदार ‘काटेवाले’ म्हणत, यात नवल काहीच नव्हतं. बसस्टँडवर मात्र त्याचं नाव ‘प्लगमास्तर’ असं पडलं होतं, आणि ते त्यानं स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं. एखाद्याला गावोगावची देवळं पाठ असतात, तशी याला गावोगावची चार्जिंगची ठिकाणं पाठ होती. कुठल्या स्टँडवर पाण्याच्या टाकीमागचा सॉकेट चालू आहे, कुठल्या चहावाल्याच्या फ्रिजखाली एक पिन मोकळी असते, कुठल्या वेटिंग हॉलमधला प्लग नुसता दिसायला आहे आणि आत वायरच नाही, हे त्याला विचारावं.

सॉकेट अडलेला असला तरी त्याचं अडत नसे. पिशवीत तीन तोंडांचा एक छोटा बोर्ड कायम असे. आधी बसलेल्या माणसाजवळ जाऊन तो अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणायचा, “तुमचा काढू नका हो. हा मधे लावू, मग तुमचंही होईल, माझंही होईल.” याला नाही म्हणेल असा माणूस त्याला आजवर भेटला नव्हता. पाच मिनिटांत तिसरं तोंडही कुणीतरी पटकावायचं आणि ती तिघं उगाच एकमेकांची चौकशी करत बसायची.

या सगळ्यामागे चिकटपणा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. फिरतीची नोकरी, पगार बेताचा, आणि कंपनीनं फोनचा खर्च कधी दिला नाही. म्हणून याचा फोन प्रवासात बहुतेक झोपलेलाच असे. उजेड कमीत कमी, इंटरनेट बंद. मेसेज बघायचे ते गिऱ्हाइकाच्या ऑफिसात त्यांच्या वायफायवर. पॉवर बँक घे म्हणून सोबतचे मेकॅनिक कानीकपाळी ओरडत, तर हा खांद्यावरची पितळी वजनांची पिशवी दाखवून म्हणायचा, “हे ओझं कमी आहे का? त्यात आणखी एक वीट कशाला?” खरं कारण ओझं नव्हतं. खिसा सैल करायचं जिवावर यायचं.

घरी फक्त बाबा होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि याचं लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. बाबांनी आयुष्यभर पुस्तकं बांधायचं काम केलेलं. सुई, दोरा आणि खळ यांत बोटं झिजून आता ती वाकत नव्हती. त्यांच्यासाठी यानं मोठ्या बटणांचा साधा फोन आणला होता. त्यात नंबर चालू राहील एवढाच रिचार्ज. रोज बोलायचं काय, आणि बोलून पैसे का घालवायचे? म्हणून बापलेकांनी एक पद्धत पाडली होती. दिवेलागणीला बाबांनी फोन लावायचा. रिंग वाजली की बाबा ठीक आहेत. इकडून यानं एका रिंगेत तो कापायचा. कापला की पोरगा ठीक आहे. दमडी खर्च न होता दोघांची खुशाली दोघांना कळायची.

खरं तर मिस कॉल देणाऱ्यानंच फोन ठेवायचा असतो. पण बाबांच्या बोटांना ते लाल बटण कधी वेळेवर सापडलंच नाही. त्यामुळे कापायचं काम लेकाकडे आलं. आणि त्यातून बाबांना एक नवीन ओळख मिळाली. फोन कापला की पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई बोलायची, ‘आपण ज्या व्यक्तीला कॉल केला आहे, ती व्यक्ती सध्या व्यस्त आहे.’ बाबा ते शेवटपर्यंत ऐकून घेत. मधेच ठेवणं त्यांना उद्धटपणाचं वाटे.

“ती बाई रोज सांगते, तू कामात आहेस म्हणून,” तो घरी आला की बाबा कौतुकानं म्हणायचे. “आवाज कसा गोड आहे. मी म्हणतो, बरं, ठेवतो हं बाई.”

“बाबा, ते रेकॉर्डिंग असतं हो. तिला तुमचं ऐकू येत नाही.”

“न येऊ दे. आपण आपलं सांगावं.”

काटेवाला ही गोष्ट चहाच्या टपरीवर रंगवून सांगायचा आणि ऐकणारे हसून बेजार व्हायचे. तोही हसायचा. बाबांवर त्याचा जीव होता, यात शंका घ्यायला जागा नाही. फक्त तो जीव त्यानं एका रिंगेत बसवला होता.

त्या दिवशी एका गोदामातला मोठा काटा त्याला दमवून गेला. पोतं ठेवलं की आकडा स्थिर होईना. प्लॅटफॉर्म खोलला तर खाली उंदरांनी वायर कुरतडलेली. ती जोडून, वजनं लावून, काटा जागेवर येईपर्यंत दुपार कलली. गोदामात दिवसभर वीज नव्हती. स्टँडवर आला तेव्हा फोनची बॅटरी लाल झालेली, आणि पुढच्या गावची बस संध्याकाळची. तिकीट फोनातच होतं, आणि फोन बंद पडला तर कंडक्टर दारातूनच परत पाठवणार. टाकीमागच्या सॉकेटकडे गेला तर तिथे नवीन फरशी बसवली होती आणि सॉकेट फरशीखाली गडप. चहावाल्याचं दुकान बंद. प्लगमास्तराची सगळी विद्या तिथे संपली.

तो बाकावर फोन मांडीवर धरून बसला. तेवढ्यात रिंग वाजली. बाबा.

ऊन अजून भिंतीवर होतं. आज लवकर? ‘घड्याळ पुढं गेलं असेल त्यांचं,’ असं म्हणून त्यानं रोजच्यासारखा फोन कापला.

पुन्हा रिंग. पुन्हा बाबाच. असं पूर्वीही झालेलं होतं. लाल बटण शोधताना बोट हिरव्यावर पडायचं आणि फोन पुन्हा लागायचा. “काय हे बाबा,” तो पुटपुटला आणि कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो खरंच चिडला. एकेका रिंगेला बॅटरी जात होती आणि यांचा खेळ चाललाय. त्यानं तो कापला आणि फोन फ्लाइट मोडवर टाकला. तिकीट दाखवायला नेटवर्क लागत नाही, हेही त्याला बरोबर ठाऊक होतं. बस आली, तिकीट दाखवलं, सीट मिळाली. सीटखालचं चार्जिंग मोडकं निघालं, तर त्यानं फोन खिशात घातला आणि डोळे मिटले. झोप चांगली लागली. पुढे किती दिवस त्याला सगळ्यात जास्त लाज त्या झोपेची वाटत राहिली.

सकाळी उतरल्यावर स्टँडसमोरच्या हॉटेलात त्याची ठरलेली पिन मोकळी होती. चार्जर लावला, नेटवर्क सुरू केलं, आणि फोन थरथरायला लागला तो थांबेचना. सगळे मिस कॉलचे मेसेज, सगळे बाबांच्या नंबरवरून. खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या काकूंचेही दोन. काकू कधी फोन करत नसत.

त्यानं बाबांचा नंबर लावला. काकूंनी उचलला.

“काकू? बाबा कुठायत?”

“तू आधी खाली बस,” काकू म्हणाल्या.

“बसलोय. बाबांना द्या.”

पलीकडून काकूंचा हुंदका ऐकू आला, आणि त्याला कळलं.

तो घरी पोहोचला तेव्हा जिन्यात चपलाच चपला होत्या. नात्यातल्या चार माणसांनी सगळी तयारी करून ठेवली होती. सगळे त्याचीच वाट बघत होते. करायचं ते झालं. लोक पांगले. काकू चहा घेऊन वर आल्या आणि त्यानं न विचारताच सांगायला लागल्या. त्यांनाही ते कुणाला तरी सांगायचं होतं.

“दुपारी छातीत जड वाटतंय म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, चला, गाडी बोलावते. तर म्हणाले, आधी त्याला विचारतो, मग जाऊ. फोन लावला. ती बाई म्हणाली व्यस्त आहे. मला म्हणाले, कामात आहे तो, जरा थांबू. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी म्हटलं, अहो, नंतर कळवू त्याला. तर म्हणाले, बघा, बाई सांगतेय ना, आहे तो, मोकळा झाला की घेईल.”

काटेवाल्याच्या हातातला कप तसाच राहिला.

“मग ती बाई म्हणायला लागली, बंद आहे. तेव्हा मात्र घाबरले रे. स्वतःचं दुखणं विसरून तुझीच काळजी करत बसले. हा कधी बंद नसतो या वेळेला, म्हणाले. मी माझ्या फोनवरून लावून बघितला, तर तेच. शेवटी मी ऐकलं नाही, गाडी आणली. गाडीत पण तो फोन कानालाच. तिला सांगत होते, अहो बाई, एवढं बघा ना जरा, कुठाय माझा मुलगा.”

काकू डोळे पुसून म्हणाल्या, “तुझ्यावर राग नव्हता हं त्यांचा. अजिबात नव्हता.”

राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणायला हवं होतं. ते थोडं म्हणजे किती, हे त्यानं कुणाला विचारलं नाही. ज्याचा सगळा धंदाच माप बरोबर करण्याचा, त्याला ते माप ऐकायची छाती झाली नाही.

फिरती सुरूच राहिली. पोटाला काम लागतंच. पण आता त्याच्या पिशवीत पितळी वजनांच्या शेजारी खरोखरच विटेएवढी पॉवर बँक असते. फोनमध्ये मोठा पॅक मारलेला असतो. आलेला एकही फोन तो कापत नाही. कर्ज घ्या म्हणणाऱ्या मुली, राँग नंबर, काहीही असो, शिडीवर असला तरी खाली उतरून उचलतो आणि शेवटपर्यंत ऐकून घेतो. मेकॅनिक लोक आधी चेष्टा करत. “प्लगमास्तर, लॉटरी लागली की काय?” आता करत नाहीत. टपरीवर ती बाईची गोष्ट कुणी काढली तर तो उठून जातो.

आणि बाबांचा फोनही त्याच्या पिशवीत असतो. त्याचा नंबर चालू ठेवायला तो न चुकता रिचार्ज मारतो. काकू एकदा म्हणाल्या, “अरे, कशाला उगाच खर्च?” त्यानं बाबांचा फोन पुसून पुन्हा पिशवीत ठेवला. बोर्डाच्या तीन तोंडांपैकी एक आता त्या फोनला लागतं. शेजारचा एखादा विचारतो, “दोन फोन?” तो म्हणतो, “एक बाबांचा.”

परवा दिवेलागणीला एका स्टँडवर त्यानं आपल्या फोनवरून बाबांचा नंबर लावला. पिशवीत रिंग वाजायला लागली. बाकावरची बाई म्हणाली, “अहो, तुमचा वाजतोय.”

“वाजू दे,” तो म्हणाला.

त्यानं पिशवीत हात घातला नाही. रिंग पूर्ण वाजली, आजूबाजूची माणसं वळून बघेपर्यंत वाजली, आणि थांबली. मग कानाशी ती बोलली, त्याच गोड आवाजात. आपण ज्या व्यक्तीला कॉल केला आहे, ती व्यक्ती उत्तर देत नाही.

त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं, मराठीतलं, मग पुढच्या दोन भाषांतलं.

“बरं,” तो म्हणाला. “ठेवतो हं बाई.”