माझ्या सर्व्हरचा हिशोब मायनं लावला

मंडळी, आज छाती फुगली आहे, म्हणून लगेच लिहून राहिले.

आमची अमरावतीची छोटी कंपनी जिनिंगवाल्यांसाठी कापूस खरेदीचं ॲप चालवते. सर्व्हर क्लाउडवर भाड्यानं घेतलेले आहेत. वापरू तेवढंच भाडं, पण दर चढा. तीन वर्षं घेऊच असं लिहून दिलं, तर दर बराच उतरतो. मग वापरा, नाहीतर नका वापरू, भाडं द्यावंच लागतं.

किती सर्व्हर असे बांधून घ्यायचे, हे मला ठरवायचं होतं. हंगामातली गर्दी धरून मी दहा लिहिले.

सकाळी चांदूर बाजारहून निघताना मायला सहज सांगितलं. आमची शेती तीच पाहते. डबा भरता भरता म्हणाली, "वेचणीच्या हिशोबानं सालदार ठेवते का कोणी? बारा महिने काम असते, तेवढेच गडी सालानं ठेवाचे. वेचणीले रोजानं बाया लावाच्या."

बसमध्येच लॅपटॉप उघडला. वर्षभर खरंच राबणारे सर्व्हर तीनच निघाले! तेवढेच बांधले, बाकीचे हंगामापुरते रोजाच्या दरानं.

दुपारी साहेबांनी कागद पाहिला. "एकदम बरोबर. कोण्या कन्सल्टंटले विचारलं?"

"मायले," मी म्हटलं. सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मंग पुढच्या वेळी पयले त्यायलेच दाखवा."

नोकरीला लागल्यापासून मी मायला म्हणत आले, "माझं काम तुले नाही समजत."

तुम्ही घरी हे कोणाला म्हणता?