जावयाचा विजेवरचा सोऱ्या

माझ्या यंत्रातून निघालेली पहिली कुरडई अठरा फूट लांब गेली. (नंतर मी टेपने मोजलं. शिक्षकाची सवय!)

मी सांगलीजवळच्या एका तंत्रनिकेतनात यंत्ररचना शिकवतो. सासुरवाडी कवठे महांकाळची, मळ्यातलं घर. गेल्या उन्हाळ्यात मेव्हणीचं लग्न ठरलं आणि नेमका तेव्हाच सासूबाईंचा खांदा आखडला. डॉक्टरांनी पीळ द्यायची सगळी कामं बंद केली. म्हणजे सोऱ्या बंद, आणि सोऱ्या बंद म्हणजे कुरडया बंद. थोरलीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या रुखवतात त्यांनी स्वतःच्या हातच्या कुरडया मांडल्या होत्या. धाकटीच्या रुखवतात विकतच्या मांडायच्या, या नुसत्या कल्पनेने त्यांना रडू फुटलं. मला ते बघवेना. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आई, तुम्ही फक्त चीक शिजवा. सोऱ्या विजेवर चालेल."

बायकोने विकतच्या कुरडयांचा भाव काढायला फोन हातात घेतला. (माझं भांडी घासायचं यंत्र अजून आमच्या माळ्यावर आहे.)

आता सोऱ्यात असतं काय? एक नळकांडं, पुढे भोकांची चकती आणि आतून चीक ढकलणारा दट्ट्या. दट्ट्याने पुढे येताना सावकाश यायचं, म्हणजे कुरडईची तार तुटत नाही. मागे जाताना झटकन जायचं, म्हणजे चीक गार होत नाही. त्यासाठी मी एका फिरत्या चाकावर खुंटी बसवली, ती खुंटी लांब दांड्याच्या खाचेत अडकवली आणि दांडा दट्ट्याला जोडला. नळकांड्याच्या वर चीक ओतायला डबा. मोटरीचा वेग कमी करायला दातेरी चाकं. पुढे जायला दहा सेकंद, मागे यायला दोन! मिरजेच्या सलीमभाईंनी लेथवर सगळे भाग असे काही सुरेख करून दिले की मी दोन रात्री ते यंत्र नुसतं बघत बसलो.

लग्नाला आठ दिवस उरले होते. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजला आणि गरम गरम गच्चीवर आला. गार झाला की तो घट्ट होतो, मग कुरडई होत नाही, आणि दुसरा चीक करायला वेळ नव्हता. मोटरीला थ्री फेज हवी, म्हणून विहिरीच्या पंपाच्या स्टार्टरवरून वायर वर ओढली. ती मीच जोडली. यंत्राबरोबर आलेले सलीमभाई म्हणाले, "सर, एकदा रिकामं फिरवून बघूया काय?" मी म्हटलं, चीक गार होईल.

सासूबाईंना मात्र शंका आली. "जावईबापू, आमच्या हिरीची मोटर वायर बदलली की उलटी फिरती. ही तसली न्हाई न्हवं?"

मी हसलो. अगदी वर्गात हसतो तसा. "आई, चाक सुलट फिरो नाहीतर उलट, दट्ट्या पुढे-मागेच होणार."

नवरी ताट घेऊन यंत्राच्या तोंडापुढे बसणार होती. बायकोने तिला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि म्हणाली, पहिली होऊ दे. सलीमभाई खाली जाऊन स्टार्टरपाशी उभे राहिले. मी मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला आणि हाक दिली.

फाट्!

काय झालं ते कुणालाच कळलं नाही. पुढे अंथरलेल्या नऊवाऱ्या कोऱ्याच होत्या. कुरडई त्यांच्यावरून गेली, पाण्याच्या टाकीवर आदळली आणि तिथून हळूहळू ओघळू लागली. गच्चीवर चार माणसं आणि चौघांची तोंडं उघडी! दट्ट्या मात्र जेवण झाल्यावर शतपावली करावी तसा निवांत मागे निघाला होता. दहा सेकंद. मी भेदरून नुसते आकडे मोजत राहिलो. सावकाश मागे जायचा फायदा असा की वरच्या डब्यातला चीक नळकांड्यात काठोकाठ भरला. दुसरी कुरडई टाकी ओलांडून शेजारच्या कडब्याच्या गंजीवर गेली.

"बंद करा!" मी ओरडलो. खाली सलीमभाईंना ते "पुन्हा करा" असं वाटायला जागा नव्हती, पण पंपाच्या स्टार्टरचं लाल बटण वर्षभर अडकत होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते सुटेपर्यंत तिसरी कुरडई गेली. ती कुठे गेली ते आजतागायत सापडलेलं नाही.

सलीमभाई धापा टाकत वर आले. "सर, वायरी उलट्या लागल्यात. जायचा वेग यायला लागला, यायचा जायला."

मी कपाळावर हात मारला. कारण हाच प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घालतो. आठ गुणांना!

सलीमभाई म्हणाले, दोन वायरी बदलल्या की झालं. सासूबाईंनी यंत्राकडे पाहिलं, मग उरलेल्या निम्म्या चिकाकडे. त्या म्हणाल्या, "गार व्हायला लागलाय वं. माज्या पोरीचं रुखवत..." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली पळालो, फडताळातला पितळी सोऱ्या आणला आणि मांडी घालून बसलो. सासूबाई सांगतील तसा पिळत गेलो. पहिल्या दहा कुरडया जिलबीसारख्या वाकड्या झाल्या, पण नंतर हात बसला. दुपारपर्यंत तळव्यांना फोड आले आणि नऊवारीवर त्रेचाळीस कुरडया वाळत पडल्या.

लग्नात वरमाय रुखवतापाशी बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, लय एकसारख्या हायत, कुणाचा हात?

"आमच्या थोरल्या जावयाचा," सासूबाई म्हणाल्या. "एवढा शिकलाय, तरीबी हाताला गुण हाय बघा."

गच्चीवरचा तो व्हिडिओ मेव्हणीने सासरी सगळ्यांना दाखवला, तरी यंदा उन्हाळ्यात वरमाईंचा स्वतःहून फोन आला. आता त्यांच्या मुलीचं लग्न आहे, दोन दिवस राहायला या, म्हणाल्या. मी विचारलं, काही अवजारं आणू का? त्या घाईघाईने म्हणाल्या, "नको, नको. तुमी नुसतं हात धुऊन या."