लॅपटॉपची खोळ

लोक आभाळाला गवसणी घालायला निघतात. आमच्या सासूबाईंनी मिक्सर, पंखा आणि टीव्हीचा रिमोट एवढ्यावर समाधान मानलं होतं. उभं आयुष्य त्यांनी खोळी आणि कव्हरं शिवायचं दुकान चालवलं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ते बंद करून त्या आमच्याकडे आल्या. त्यांच्या सुटकेसलाही खोळ होती, चेन लावलेली, कोपऱ्यांना दुहेरी शिवण. "रोज लागत नाही ती वस्तू झाकलेली बरी," म्हणत त्यांनी ती कपाटावर चढवायला लावली. म्हणजे त्या कायमच्या आल्या होत्या. मला फार बरं वाटलं.

पण रिकामं बसणं त्यांच्या पिंडातच नाही. घरातलं झाकण्याजोगं सगळं बघता बघता झाकून झालं. मग त्या खिडकीशी बसून म्हणू लागल्या, "इथं मला काय काम? तिकडे निदान चार माणसं हाक मारायची."

"आई, आराम कर की," नवरा म्हणायचा. पोटचा पोरगा, पण आईची नस काही त्याला सापडली नाही.

मी घरून काम करते. आधीचा लॅपटॉप मी चहा पाजून मारला, म्हणून नवा घेतला, अगदी वहीएवढा पातळ. सासूबाईंनी तो बोटांनी चाचपून पाहिला आणि कामाला लागल्या. काही दिवसांनी त्यांनी माझ्या हातात कीबोर्डचं कव्हर ठेवलं. निळं कापड, आतून अस्तर, आणि प्रत्येक बटणाच्या जागी त्याचं अक्षर पांढऱ्या धाग्याने भरलेलं. इंग्रजी त्यांना येत नाही. एकेक आकार बघून बघून काढला होता. माझे डोळे भरून आले.

"आता सांड खुशाल चहा!" त्या म्हणाल्या.

पंचाईत एकच होती. कव्हर घातलं की लॅपटॉप नीट मिटत नव्हता. दुकानदाराने बजावलंच होतं, "इतक्या पातळ लॅपटॉपला आत काही घालू नका, मिटताना स्क्रीन दाबली जाऊन तडकते." हे त्यांना सांगायचं कोणत्या तोंडाने? त्या खोलीत असल्या की मी कव्हर घालायची आणि गादीवर चालल्यासारखी टाइप करत बसायची. त्या गेल्या की कव्हर खणात. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. एक दिवस कात्री शोधताना त्यांनी नेमका तोच खण उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर सुटकेस पलंगावर, खोळ काढलेली, आणि त्या कपडे भरतायत.

मी त्यांचा हात धरला. "आई, कव्हर फार सुंदर आहे हो. पण ते घालून मिटलं तर स्क्रीन फुटेल."

"मग इतके दिवस घालत कशाला होतीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आण ते यंत्र इकडे."

कव्हर कीबोर्डवर चढवून त्यांनी शिंप्याचा खडू अक्षरांवर हलकेच फिरवला, झाकण टेकेल इतपतच मिटलं आणि उघडलं. स्क्रीनवर पांढरे ठिपकेच ठिपके. माझा जीव खालीवर झाला, पण त्या अंगावर घालून पाहिलेला कपडा बघावा तशा बघत होत्या.

"खरंच की. बनवणाऱ्याने सुताएवढी जागा सोडलेली नाही. इथं काही मावायचं नाही." त्यांनी पदराने खडू पुसला आणि माझ्याकडे वळल्या. "भिडेपोटी 'छान झालंय' म्हणून जातं ना, ते गिऱ्हाईक. घरची पोर भांडते, काखेत काचतंय म्हणून. तू माझ्याशी गिऱ्हाइकासारखी वागलीस."

मला रडू फुटलं. "मग आता भांडते. कुठं जायचं नाही तुम्ही! तुमच्याशिवाय करमत नाही मला. आणि तुमची ती टोपलीभर रिळं आहेत ना, ती माझ्या खुर्चीवरून हलवा, पाठीला टोचतात."

त्या टेबलावरचा माझा चहाचा कप उचलून दाराकडे निघाल्या. "चहा स्वयंपाकघरात प्यायचा. त्या यंत्राला कव्हर नकोय, तुला वळण हवंय."

मी मुकाट्याने मागोमाग गेले. दिवसभर सुटकेसबद्दल विचारायची काही हिंमत झाली नाही.

संध्याकाळी खोलीत डोकावले तर खुर्चीवरची रिळं हलली होती आणि नवरा स्टुलावर चढून सुटकेस कपाटावर ढकलत होता. तिला खोळ होती, चेन शेवटपर्यंत लावलेली.