आयडाचं एरियल

आयडा कोलासो आणि तिचा धाकटा भाऊ जॉन शेवटचं धड बोलले ते १९७३ साली, जॉनने टीव्ही आणला त्या महिन्यात. त्यानंतर जे झालं ते भांडणच.

बोरिवलीच्या गावठाणातलं बापाचं कौलारू घर दोघांनी मधोमध फळ्या मारून वाटून घेतलं होतं. एकीकडे जॉन, त्याची बायको बेला आणि आळीतला पहिला टीव्ही. दुसरीकडे आयडा एकटी. वीस वर्षं ती फोर्टातल्या तार कचेरीत तारा पाठवत होती. परीक्षा देऊन तिने हौशी रेडिओचा सरकारी परवाना मिळवला होता, यंत्र स्वतः जुळवलं होतं, आणि छपरावर दोरीने ताणलेल्या उभ्या वाशाला अॅल्युमिनियमच्या नळ्यांचं एरियल बांधलं होतं. कधी न पाहिलेल्या माणसांशी ती तारेच्याच भाषेत, कट्ट कडकट्ट करत, तासन् तास बोलायची. शेजाऱ्यांशी मात्र तिचं जमलं नाही. जीभ तिखट. चर्चच्या फेस्ताला बेलाच्या केकला ती सगळ्यांसमोर वीट म्हणाली होती, आणि बेला ते विसरणाऱ्यांतली नव्हती.

रविवारी सिनेमा लागला की अर्धी आळी जॉनच्या ओटीवर. एका रविवारी ऐन रंगात चित्र आडवं फाटलं आणि फळीपलीकडून कट्ट कडकट्ट ऐकू आलं. जॉनने फळीवर लाथ घातली. चूक आयडाचीच होती. तिने त्या दिवसापासून संध्याकाळी यंत्राला हात लावला नाही, पण तोंडाने काही कबूल केलं नाही. मग रस्त्याने स्कूटर गेली आणि चित्र हललं, तरी नाव आयडाचं. कुणीतरी तिच्या दारावर कोळशाने 'हेर' लिहिलं. तिने ते पुसलं नाही. लिहिणाऱ्याला रोज जाता-येता दिसू दे म्हणाली.

१९७६च्या मे महिन्यात मद्रासच्या एका डॉक्टरचं पत्र आलं. तोही हौशी रेडिओवाला. ज्या लहरींवर आयडाचं यंत्र चाले त्या सरळ जातात, वाकत नाहीत. मद्रास क्षितिजाखाली, म्हणून तिथवर पोचत नाहीत. पण आभाळात उल्का जळली की मागे एक रेघ राहते, डोळ्याची पापणी लवेपर्यंत, फार तर दोन-चार सेकंद. लहर तिच्यावर आपटली तर उसळून थेट मद्रासला पडते. जूनच्या पहिल्या आठवड्यात भरदिवसा उल्कांचा पाऊस होतो, उन्हात तो कुणाला दिसत नाही, रेडिओला मात्र ऐकू येतो. करून बघायचं का, असं त्याने विचारलं होतं. सकाळी नऊ ते अकरा. तेव्हा टीव्ही बंदच असतो. आयडाने आठवड्याची रजा टाकली.

पाच मिनिटं पाठवायचं, पाच मिनिटं ऐकायचं. चार दिवस नुसती खरखर, मध्येच एखादं अक्षर, काचेवर खडा पडावा तसं. ठरलं होतं की दोघांनी एकमेकांचं नाव ऐकायचं आणि ऐकल्याची पोच द्यायची, तरच निरोप पुरा. पाचव्या दिवशी, साडेनऊनंतर, आवाज एकदम उमटला. तीन सेकंद. त्यात तिचं नाव स्वच्छ होतं. आता तिची पाळी यायला दोन मिनिटं होती, पोच द्यायची तेवढी बाकी.

तेवढ्यात डोक्यावर कौलं वाजली. कानांवरचे हेडफोन काढून ती बाहेर धावली. चार सकाळी फळीपलीकडून पुन्हा कट्ट कडकट्ट ऐकून जॉन छपरावर चढला होता, हातात कोयता.

"जॉन, खाली उतर. अकरापर्यंत थांब."

"लोकांत माझी शोभा केलीस तेव्हा थांबलीस?"

"तीन वर्षं संध्याकाळी हात लावलेला नाही मी यंत्राला."

"मग सकाळीही लावू नको."

त्याने दोरी तोडली. वासा कलला आणि जॉनच्याच बाजूच्या कौलांवर आडवा झाला. डझनभर कौलं फुटली, एरियलच्या तीन नळ्या वाकल्या. आई गेल्यावर या पोराला तिने मांडीवर घेऊन पेज भरवली होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नळ्या गोळा करायला लागली.

कुंपणापलीकडून ल्युसी बघत होती. म्हातारी, विधवा, सांडपाण्याच्या चरावरून जॉनशी आठ वर्षांचं वैर. आयडालाही ती कधी हसून बोलली नव्हती.

"माझ्या छपरावर बांध ते," ल्युसी म्हणाली. "तू मला आवडतेस असं समजू नको. जॉनची जिरली पाहिजे."

दिवसभर बसून आयडाने नळ्या सरळ केल्या. सहाव्या दिवशी एरियल ल्युसीच्या छपरावर चढलं. परवाना घरच्या पत्त्याचा, म्हणून यंत्र घरातच ठेवून तिने केबलला तुकडा जोडून ती कुंपणावरून नेली. खाली मासे साफ करायचा कोयता घेऊन ल्युसी शिडीला टेकून बसली. जॉन दोनदा कुंपणापर्यंत आला. दोन्ही वेळा तिने त्याच्या देखत कोयत्याने बोंबिलाचं डोकं उडवलं. तो परत गेला.

सातव्या दिवशी दहा वाजून सतरा मिनिटांनी मद्रासचं नाव आलं, आपलं आलं, पोच आली. आयडाने पोच दिली आणि पुढच्या पाळीला ती मिळाल्याचंही ऐकलं. ती उठून कुंपणाशी गेली.

"काय बोलला तो?" ल्युसीने विचारलं.

"मला ऐकू आलीस, म्हणाला."

"एवढ्यासाठी आठवडा घालवलास?" ल्युसी उठली, कोयता धुतला आणि आत गेली.

महिन्याने मद्रासहून कार्ड आलं, बोलणं झाल्याची खूण म्हणून हौशी रेडिओवाले एकमेकांना पाठवतात तसं. आयडाने ते यंत्रावर टाचणीने लावलं, कुणाला दाखवलं नाही. सप्टेंबरात जॉनने फळ्या काढून विटांची भिंत घातली, तिला न विचारता. तिने आपल्या बाजूने भिंतीला गिलावा केला. पुढच्या जूनमध्ये ल्युसीचं आणि तिचं कोंबड्यांवरून बिनसलं, छपरावरची जागा गेली, तेव्हा आयडा मुलुंडला गच्चीवरची एक खोली बघून आली, आणि तिथे तिने सगळ्यात आधी शिडी लावून एरियल कुठे बसेल ते मोजलं.