तळघरातली पूजा

नाथा मिस्त्रीचा उजवा तळवा पाहिला की त्याचा धंदा वेगळा विचारावा लागत नाही. जमिनीखालच्या भिंतीतून पाण्याची धार सुटली की झटपट घट्ट होणाऱ्या सिमेंटचा गोळा मुठीत धरायचा, तो हाताला चटका देईपर्यंत थांबायचं आणि मग धारेच्या तोंडात दाबून तीन मिनिटं हात हलवायचा नाही. हात हलला की गोळा गेला. तीस वर्षं हेच करून त्याच्या हातावरच्या रेषा पुसल्या गेल्या. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर त्याचा अंगठा आता उमटत नाही.

देशावरून आलेला हा माणूस अंबरनाथच्या बुवापाड्यात दोन खोल्यांत राहतो. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत जिथे जिथे तळघरं खोदली गेली, तिथे त्याला बोलावणं असायचं. जवळ पदवी नाही, ओळखपाळख नाही, बोलणंही तुसडं. पण ‘नाथाने हात लावलाय, आता गळायचं नाही’ असं बिल्डर लोक एकमेकांना फोनवर सांगायचे. एवढं नाव सोडलं तर त्याच्यापाशी दुसरं होतं काय?

धर्मेशशेठची इमारत बदलापूरला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. शेठचा बाप त्याच जागेत भात लावायचा. शेठने तिथे दोन मजले खोल तळघर खोदलं. लोकांना वाटतं पाणी वरून येतं. तळघरात ते बाजूने येतं, खालून येतं आणि रेटून येतं. म्हणून भिंतीबाहेर एक खोल खड्डा ठेवला होता आणि त्यात मोठा पंप रात्रंदिवस पाणी उपसत होता. आतून भिंतीला पाणी अडवणारा थर देऊन झाला तरी सात दिवस पंप चालू ठेवायचा, हा नाथाचा नियम. थर आतून पक्का होईपर्यंत पाण्याचा रेटा त्याच्या अंगावर यायला नको, एवढंच त्यामागचं साधं गणित.

पण शेठच्या अंबरनाथ पूर्वेच्या साइटवरही पाणी भरलं होतं आणि तिथे नेमका हाच पंप हवा होता. इंजिनीयर अभिजीत तीन दिवस नाथाच्या मागे लागला होता.

“काका, थर तर सुकला. पंप देऊन टाका ना.”

“वरून सुकलाय. आतून अजून कच्चा हाय. सात दिवस म्हंजे सात दिवस. पंप हलला तर मी जबाबदार नाय, सांग तुझ्या शेठला.”

चौथ्या दिवशी शेठ स्वतः खाली उतरला. पंपाचं नावसुद्धा काढलं नाही. नाथाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “नाथाभाऊ, उद्या हितंच खाली सत्यनारायण घालतोय. बुकिंगवाले समदे येनार. आमच्या घरी सुतक हाय, चुलता गेला. मंग पूजेला तुमी आनि वयनी बसा. काम तुमचा, तर मान पन तुमचाच.”

नाथाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चढणारच. तीस वर्षांत त्याने किती पूजा पाहिल्या, पण सगळ्या बाहेरून. त्याचं काम लादीखाली आणि रंगामागे गाडलं जायचं, आणि पूजेच्या दिवशी त्याच्या हातात द्रोणभर शिरा यायचा, तोही पाहुण्यांचं आटोपल्यावर. घरी जाऊन त्याने सांगितलं तेव्हा इंदुबाईने त्याला दोनदा विचारलं, “आपल्यालाच ना? नक्की?” मग तिने लेकीच्या लग्नातली जरीची साडी बाहेर काढून उन्हात टाकली.

दुसऱ्या दिवशी दहाला दोघं पाटावर बसली. केळीचे खांब, रांगोळी, खुर्च्यांवर शंभरेक माणसं, आणि कोरड्या ठणठणीत भिंती. पंपाचा आवाज मात्र तळघरात नुसता घुमत होता. भटजी वैतागले. “अहो, ते आधी बंद करा. मंत्र माझे मलाच ऐकू येईनात.”

सगळ्यांनी नाथाकडे पाहिलं. अभिजीत मोबाइल समोर धरून शूटिंग करत होता. तो म्हणाला, “काका, तुम्हीच सांगा. तुमच्याशिवाय पंपाला हात कोण लावणार?”

नाथाने मनात हिशेब केला. पंप बंद झाला की खड्ड्यातलं पाणी वीस मिनिटांत फूटभर चढतं, हे त्याने स्वतः मोजलं होतं. भिंतीचा नाजूक सांधा त्या पाण्याच्या सहा फूट वर. म्हणजे तासाभराने काही बिघडत नाही.

“तासभर बंद ठेवा,” तो म्हणाला. “नंतर लगेच चालू करा.”

तीन दिवस विनवण्या करून अभिजीतला जे साधलं नाही, ते शेठने एका पाटावर साधून घेतलं. नाथा हरभऱ्याच्या झाडावर चढला होता आणि तिथून त्याला सगळं छानच दिसत होतं.

तिसरा अध्याय चालू असताना वरून साखळी ओढल्याचा आवाज आला. मग टेम्पो मागे घेतल्याचा भोंगा. तो आवाज नाथाला कळला. तो उठायला गेला. भटजींनी सांगितल्याप्रमाणे इंदुबाईची बोटं त्याच्या हाताला लागलेली होती. त्या बोटांनी आता त्याचं मनगट पकडलं.

“मधेच उठू नका. अपशकुन करताय का?” ती कुजबुजली. “एवढ्या लोकांत?”

तो बसला. कुणी त्याला बांधून ठेवलं नव्हतं. एक हाक मारली असती तरी टेम्पो थांबला असता. पण शंभर माणसांसमोर, नव्या उपरण्यात, यजमान म्हणून बसलेल्या माणसाने ‘माझा पंप कुठे चालला’ म्हणून ओरडायचं? लाज वाटली त्याला. मी त्याच्या जागी असतो तर ओरडलो असतो असं म्हणणं सोपं आहे, पण मला असा पाट कुणी कधी दिलेला नाही.

पूजा दीड तासाने संपली. आरती झाली, लोक तीर्थासाठी पुढे सरकले. नाथा रॅम्पकडे धावणार, तेवढ्यात शेठने हसत हसत हात पुढे केला, तीर्थ घेतलं, डोक्याला लावलं, शिऱ्याची मूद तोंडात टाकली. सुतकातला माणूस तीर्थाला हात लावत नाही. नाथा जागच्या जागी थिजला. कुणाचा चुलता आणि कसलं सुतक!

वर खड्ड्यापाशी नुसती तुटकी दोरी पडली होती. तो खाली आला तोवर बारा वाजत आले होते. सांध्यावरचा थर पुरीसारखा फुगला आणि फुटला. बोटाएवढी धार थेट चौरंगापर्यंत गेली. मग तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. बायका साड्या सावरत रॅम्प चढू लागल्या. नाथाने पूजेच्या कपड्यांतच सिमेंटचं पोतं फोडलं. इंदुबाई जरीची साडी खोचून गोळे करून देत होती, तो दाबत होता, आणि एक बुजवावी तर पलीकडे दोन सुटत होत्या. मागे शेठ पाहुण्यांना सांगत होता, “मिस्त्रीचा काम कच्चा निघाला. काय करनार?”

तीन दिवसांनी त्याला ऑफिसात बोलावलं. अभिजीतने आधी मोबाइलमधलं शूटिंग दाखवलं: नाथा पाटावर बसून पंप बंद करायला सांगतोय. मग ‘काय झालं ते लिहून द्या’ म्हणत कोरा कागद पुढे सरकवला.

नाथाने सावकाश अक्षरं काढली. ‘पंप माझ्या सांगण्यावरून बंद केला.’ टेम्पोचं लिहायला त्याने पेन पुन्हा टेकवलं, तोच अभिजीतने कागद ओढून घेतला.

“बस काका. एवढंच पाहिजे होतं.”

त्या कागदाचा फोटो संध्याकाळपर्यंत कल्याण-बदलापूरच्या सगळ्या बिल्डरांच्या फोनवर फिरला. नाथाचा फोन मात्र त्यानंतर वाजला नाही.

घरी आल्यावर इंदुबाईने विचारलं, “काय खोटंनाटं लिहून घेतलं त्यांनी?”

“खोटं काही नाय,” नाथा म्हणाला. “खरं तेच लिहिलंय.”